रात्रपाळी, बरका

साठ बार दाबाखाली समुद्र
पडद्यातून गाळून निघतो.
माझं काम काट्यांवर नजर ठेवायचं.
काटा हलला नाही म्हणजे रात्र बरी गेली.

अकरा वर्षांपूर्वी नेवाशाहून निघालो तेव्हा
पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते,
"हनोख, जाशील तिथं मीठ होऊन राहा."
आणि नोकरी लागली ती मीठ काढून टाकायची.
करुणाला फोनवर सांगितलं तर खूप हसली.
मीही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

पहिली दोन वर्षं दर शुक्रवारी रुवीला जायचो,
टॅक्सीत पाचजण, एकाच्या मांडीवर गिटार.
एकाच आवारात मल्याळी, तमिळ, फिलिपिनो;
एकांची उपासना संपली की
त्यांच्या गरम खुर्च्यांवर दुसरे बसत.
मराठी आम्ही सात.
एसीच्या घरघरीखाली सात गळ्यांना
एक गीत पेलत नसे.

मग रात्रपाळ्या वाढल्या. मग नुसताच थकलो.
विश्वास गेला असं नाही म्हणणार.
खिशात किल्ली असावी
आणि कुलूप कुठलं ते आठवू नये, तसं काहीतरी.
घरून विचारलं की सांगायचो, "हो, प्रार्थना चालू आहे."
खोटं बोलताना माणसाचा आवाज फार स्थिर असतो.

खमीस बलुशी माझ्याच पाळीतला.
पहाटे तो पंपांमागं नमाजाची सतरंजी पसरतो,
तोवर त्याचे काटे मी बघतो.
चार वर्षं बघितले.
एका पहाटे सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"तुझी वेळ कुठली?
सांग, तुझे काटे मी बघीन."

काय सांगणार?
"आत्ता," म्हणालो,
आणि जिन्याखाली, जिथं झाडू-बादल्या ठेवतात,
तिथं जाऊन उभा राहिलो.
शब्द येईनात. मंडळीत पाठ म्हटलेली लांब प्रार्थना
'हे दयाळू पित्या'च्या पुढं सरकेना.
शेवटी करुणाचं नाव घेतलं. मुलीचं घेतलं.
मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते निघालं:
आई गेली तेव्हा तिकीट मिळत होतं,
मी गेलो नाही.
ओव्हरटाइमचा महिना होता.

उलट्या बादलीवर हात टेकून, सात मिनिटं.
खमीसनं काही विचारलं नाही.
वहीत त्या सात मिनिटांचे आकडे
त्याच्या अक्षरात आहेत.

लहानपणी उत्तम शुक्रवारी ऐकायचो,
मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला.
अंगावर काटा यायचा.
इथं पडदा फाटला तर भोंगा वाजतो,
मीठ पलीकडे शिरतं, अख्खी लाइन बंद.
दोन्ही खरं आहे.
दोन्हींचा मेळ मला अजून घालता येत नाही.

परवा नव्या पोराला शिकवत होतो:
पडद्यातून निघालेलं पाणी लगेच कुणाला देत नाहीत.
फार स्वच्छ असतं ते. बेचव.
पाइपसुद्धा आतून कुरतडतं.
म्हणून त्यात थोडा चुना परत घालायचा.
बोलता बोलता थांबलो.
इतकी वर्षं वाटायचं,
देवापुढं जायचं तर सगळं गाळून जायचं:
राग, शंका, आईचा विषय,
बोलण्यातला नेवाशाचा हेलसुद्धा.
"किती चुना?" पोरानं विचारलं.
भिंतीवरचा तक्ता दाखवला.
माझ्यापुरता तक्ता कुठं लावलाय, शोधतोय.

करुणालाही खरं सांगून टाकलं.
फोनवर बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, "ठाऊक होतं मला.
तुझ्या वाटचं मी करत होते."
आणि लगेच, "जेवलास का?"

आता पहाटे आम्ही पाळीनं जातो,
आधी खमीस, मग मी.
काही दिवस नुसता उभा राहून परत येतो.
जिन्याखालच्या बादल्या
कुणीतरी आधीच
एका बाजूला सरकवून ठेवलेल्या असतात.